यादीला पालक नसतो तेव्हा: अमेरिकेच्या फ्यूजन आराखड्याचं प्रकरण (2018–2021)

30 सप्टेंबर 2016 हा अल्केटर सी-मॉडचा शेवटचा दिवस. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला, एमआयटीच्या आवारात हे टोकामाक होतं. टोकामाक म्हणजे कड्याच्या आकाराची निर्वात पोकळी, भोवती चुंबकं, आणि आत भिंतीला न टेकता कोंडून ठेवलेला प्लाझ्मा, म्हणजे तापून विद्युतभारित झालेला वायू. सी-मॉड लहानखुरं होतं, आत साधारण एक घनमीटर प्लाझ्मा मावायचा. चुंबकीय क्षेत्र मात्र दांडगं. त्या शेवटच्या दिवशी 5.7 टेस्लाच्या क्षेत्रात, साडेतीन कोटी अंश सेल्सियसच्या वर तापलेल्या प्लाझ्माचा दाब हवेच्या दाबाच्या 2.05 पट झाला. टोकामाकमध्ये तोवर एवढा दाब कुणी गाठला नव्हता. आधीचा 1.77 चा विक्रमही याच यंत्राचा, 2005 सालचा. मग यंत्र बंद केलं गेलं. ते बिघडलं नव्हतं, पुढच्या दिवसाचे पैसे मंजूर नव्हते.

त्याच वर्षी प्रिन्स्टनच्या प्रयोगशाळेतलं एनएसटीएक्स-यू हे यंत्र, 9.4 कोटी डॉलर खर्चून नव्याने सजवलेलं, जेमतेम दहा आठवडे चाललं आणि चुंबकाच्या एका वेटोळ्यात बिघाड होऊन आडवं झालं. म्हणजे 1 ऑक्टोबर 2016 रोजी अमेरिकेत चालू स्थितीतलं मोठं टोकामाक एकच उरलं, सॅन दिएगोचं डीथ्री-डी. फ्यूजनच्या, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढण्याच्या क्षेत्रात ज्या देशाने अनेक दशकं आघाडी सांभाळली, त्याची ही अवस्था.

हे कुणी ठरवलं, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. नीट उत्तर कुणाकडेच नव्हतं. सी-मॉड बंद करण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी 2012 मध्ये सरकारच्या अर्थसंकल्पी मागणीत अचानक उगवला. मग संसदेत खेचाखेच झाली, यंत्राला थोडं जीवदान मिळालं, आणि शेवटी ते गेलंच. अमेरिकेच्या प्लाझ्मा आणि फ्यूजन संशोधकांनी 2018 ते 2021 या काळात जो प्राधान्यक्रम ठरवला, त्याची मुळं या हकिगतीत आहेत. तो कसा ठरला, त्यात काय साधलं आणि काय हातचं सुटलं, हे इथे पाहायचं आहे.

मागचा हिशेब

हा इतिहास लांबलचक आहे. कामापुरताच सांगतो.

1980 साली अमेरिकी संसदेने फ्यूजनसाठी खास कायदा केला. शतक संपेपर्यंत प्रात्यक्षिक भट्टी उभी करायची, असा त्याचा रोख होता. रोख राहिला कागदावर, पैसा कधी त्या मापाने आला नाही. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेत एमएफटीएफ-बी नावाचं अजस्र यंत्र 37.2 कोटी डॉलर खर्चून बांधलं. 1986 च्या फेब्रुवारीत ते पूर्ण झालं आणि प्लाझ्माचा एकही प्रयोग न करता बंद केलं गेलं. प्रिन्स्टनच्या टीएफटीआर या टोकामाकने 1994 मध्ये 10.7 मेगावॅट फ्यूजन शक्ती काढून दाखवली. दोन वर्षांत संसदेने कार्यक्रमाच्या रकमेला साधारण एक तृतीयांश कात्री लावली आणि 1997 मध्ये टीएफटीआरही बंद झालं.

त्या कपातीबरोबर आणखी एक गोष्ट बदलली, आणि माझ्या मते ती पैशापेक्षा महत्त्वाची होती. कार्यक्रमाचं ध्येयच बदललं. ऊर्जा तयार करणं मागे पडलं, प्लाझ्माचं विज्ञान समजून घेणं पुढे आलं. कार्यक्रम चालवणाऱ्या ऊर्जा विभागातल्या कचेरीचं नावही त्यानुसार ‘फ्यूजन एनर्जी सायन्सेस’ झालं. ध्येय इतकं सैल झालं की प्राधान्य लावायची फूटपट्टीच हातातून गेली. ‘समजून घेणं’ हे ध्येय असेल तर प्रत्येक प्रयोग काही ना काही समजावतोच, मग नको कुणाला म्हणायचं?

त्यात इटर. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या या आंतरराष्ट्रीय टोकामाक प्रकल्पातून अमेरिका 1998 मध्ये बाहेर पडली, 2003 मध्ये परत आली, आणि 2008 च्या अर्थसंकल्पात संसदेने इटरच्या वाट्याला जवळजवळ शून्य ठेवलं. बांधकाम खर्चातला अमेरिकेचा वाटा 9.09 टक्के. ऐकायला किरकोळ, पण देशांतर्गत कार्यक्रमाच्या मानाने जड. इटरचा खर्च फुगला की घरच्या यंत्रांच्या पोटात गोळा येणार, हे ठरलेलं. सी-मॉडचा बळी गेला तो याच ओढाताणीत.

2014 चा फसलेला प्रयत्न

यादी करायचा प्रयत्न आधी झाला नव्हता असं नाही. 2014 मध्ये संसदेच्या सांगण्यावरून ऊर्जा विभागाच्या फ्यूजन सल्लागार समितीने, म्हणजे फेसॅकने, एक पॅनेल नेमलं आणि काही महिन्यांत दहा वर्षांचा प्राधान्यक्रम मागितला. हितसंबंध नकोत म्हणून मोठ्या यंत्रांशी नातं असलेल्या शास्त्रज्ञांना पॅनेलबाहेर ठेवलं गेलं.

वरवर पाहता हे न्याय्य वाटतं. अडचण अशी की क्षेत्र लहान होतं आणि मोठी यंत्रं तीनच. त्या यंत्रांना आतून ओळखणारी बहुतेक माणसं एका झटक्यात बाहेर गेली. अहवाल आल्यावर ज्यांची यंत्रं धोक्यात आली ते उसळले. आमच्याविषयी आमच्यामागे ठरवलं, ही त्यांची तक्रार. अंतिम मतदानाच्या वेळी तर फेसॅकच्याच अनेक सदस्यांना हितसंबंधांपायी बाजूला बसावं लागलं. कागद मंजूर झाला, पण त्याच्या मागे उभं राहायला कुणी नव्हतं. असा कागद घेऊन संसदेत जायचं म्हणजे बिनसहीचा धनादेश घेऊन बँकेत जाण्यासारखं.

शेजारच्या घरात नेमकं उलट चित्र होतं. कणभौतिकीवाल्यांनी त्याच 2014 मध्ये आपला आराखडा काढला. पद्धत दोन पायऱ्यांची. आधी सगळ्या समाजाने एकत्र बसून, वाद घालून, काय काय करण्याजोगं आहे ते मांडायचं, आणि मग पी-5 नावाच्या छोट्या पॅनेलने पैशाच्या चौकटीत बसवून त्याचा क्रम लावायचा. ज्यांचे प्रकल्प मागे पडले त्यांनीही बाहेर येऊन त्या यादीचीच बाजू घेतली. संसदेला अशी एकवाक्यता क्वचित पाहायला मिळते. पुढच्या वर्षांत त्यांचा निधी वाढत गेला. फ्यूजनवाल्यांनी हे पाहिलं. असूयेने पाहिलं असं म्हटलं तरी चालेल.

तीन पाकिटं

2017 मध्ये मॅडिसन आणि ऑस्टिन इथे चुंबकीय फ्यूजनवाल्यांच्या दोन कार्यशाळा झाल्या. कुणी सांगितल्या म्हणून नव्हे, आपणहून. डिसेंबर 2018 मध्ये राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीचा अहवाल आला. मायकेल मॉएल आणि मेल्विन शॉकेट हे तिचे सह-अध्यक्ष. त्यांनी दोन गोष्टी ठासून सांगितल्या. इटरमध्ये राहा, आणि सोबत आटोपशीर आकाराच्या, वीज काढून दाखवणाऱ्या प्रायोगिक भट्टीच्या दिशेने घरचा कार्यक्रम सुरू करा. म्हणजे 1996 मध्ये हरवलेलं ध्येय परत टेबलावर आलं.

त्याच सुमारास, 2018 च्या अखेरीस, ऊर्जा विभागाच्या विज्ञान कार्यालयाने फेसॅकला दीर्घकालीन आराखड्याचं काम सोपवलं. रचना पी-5 च्या वळणाची. पहिली पायरी अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या प्लाझ्मा विभागाने चालवायची, दुसरी फेसॅकच्या उपसमितीने. चुंबकीय फ्यूजनपुरतं न थांबता उच्च ऊर्जा-घनतेचा प्लाझ्मा, मूलभूत प्लाझ्मा विज्ञान, फ्यूजनची सामग्री आणि तंत्रज्ञान, सगळे एकाच आराखड्यात. एवढा व्यापक आराखडा या क्षेत्राने एकत्र बसून आधी कधी केलेला नव्हता.

सोबत पैशाची तीन पाकिटं दिली गेली. पहिलं, 2019 च्या मंजूर निधीएवढंच बळ, फक्त महागाई भरून निघेल इतकी वाढ. दुसरं, त्याहून वर्षाला दोन टक्क्यांची माफक वाढ. तिसरं मोठं गमतीदार: पैशाची मर्यादा नाही, पण क्रम लावलाच पाहिजे.

हे तिसरं पाकीट मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत हुशार चाल वाटते. पैसा नाही म्हणून तुमचं काम मागे ठेवलं, ही पळवाट त्यात नाही. पैसा भरपूर असला तरी आधी काय आणि नंतर काय, हे सांगावंच लागतं. तिथे माणसाचं खरं मत बाहेर पडतं.

पहिल्या पाकिटात किती दम होता, ते आकड्यांतून दिसतं. 2019 मध्ये कार्यक्रमाला 56.4 कोटी डॉलर मिळाले, त्यातले 13.2 कोटी इटरला. 2020 मध्ये एकूण रक्कम 67.1 कोटींवर गेली. वर्तमानपत्रात छापण्याजोगी वाढ! पण त्यातले 24.2 कोटी इटरचे. इटर वजा केलं तर घरच्या संशोधनाला आदल्या वर्षी 43.2 कोटी होते, आता 42.9. वाढीचा सगळा डोंगर एका खात्यात गेला आणि बाकीचे होते तिथून तीसेक लाख डॉलर खाली घसरले.

मॅडिसन ते ह्यूस्टन

पहिल्या पायरीची धुरा आठ सह-अध्यक्षांकडे होती. विद्यापीठं, राष्ट्रीय प्रयोगशाळा आणि उद्योग, तिन्हीकडची माणसं. जाणीवपूर्वक बऱ्याच तरुण, मधल्या फळीतल्या लोकांना पुढे केलं होतं. याचं कारण साधं. आराखड्याची फळं पुढे अनेक वर्षांनी येणार असतील तर तेव्हा जे कामावर असतील त्यांनी तो लिहावा.

जुलै 2019 मध्ये मॅडिसनला मोठी बैठक झाली, सप्टेंबरमध्ये नॉक्सव्हिलला चुंबकीय फ्यूजन आणि सामग्रीवाल्यांची, आणि जानेवारी 2020 मध्ये ह्यूस्टनला सगळ्यांची शेवटची. मधल्या काळात लोकांनी शेकडो टिपणं पाठवली. पद्धत 2014 च्या बरोबर विरुद्ध होती. हितसंबंध असलेल्यांना बाहेर न काढता सगळ्यांनाच आत घेतलं. हितसंबंध नसलेला कुणी नव्हताच, मग निदान ते उघड्यावर तरी असू द्यावेत.

मार्च 2020 मध्ये अहवाल आला. त्याच सुमारास साथीने जग बंद पडलं. ह्यूस्टनची बैठक दोन महिने पुढे गेली असती तर हे प्रकरण वेगळं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं. एका खोलीत बसून भांडून झालेलं होतं म्हणून पुढचं सगळं पडद्यावरच्या बैठकांत निभावलं.

अहवालात फ्यूजनचं ध्येय एका वाक्यात मावलं: कमी भांडवलात उभी राहणारी प्रायोगिक वीजभट्टी. ध्येय ठरताच क्रम आपोआप लागू लागला. भट्टी बांधायला आपल्याला काय येत नाही, या एका प्रश्नावर प्रत्येक प्रस्ताव घासून पाहता येऊ लागला. आणि तेव्हा एक अवघड गोष्ट समोर आली. प्लाझ्मा कोंडण्याच्या विद्येत अमेरिका बरीच पुढे होती, पण त्या प्लाझ्माभोवतीच्या भिंतीविषयी फार थोडं ठाऊक होतं.

पोलादाचा तुकडा

इथे जरा थांबायला हवं, कारण साऱ्या प्राधान्यक्रमाचा कणा हाच आहे.

ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची दोन जड रूपं एकत्र आली की एक हीलियम केंद्रक आणि एक न्यूट्रॉन निघतो. मिळणाऱ्या ऊर्जेतला चार पंचमांश भाग न्यूट्रॉन घेऊन जातो, 14.1 दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्याच्यावर विद्युतभार नाही, त्यामुळे चुंबक त्याला अडवत नाहीत. तो सरळ भिंतीत घुसतो.

नखाएवढा पोलादाचा तुकडा डोळ्यांसमोर आणा. आत लोखंडाचे अणू शिस्तीत रांगा लावून बसलेले. न्यूट्रॉन येऊन एकाला धडकतो, तो अणू जागा सोडून शेजाऱ्यांवर आदळतो, ते आणखी शेजाऱ्यांवर. क्षणात शेकडो अणू विस्थापित होतात. बहुतेक परत आपापल्या जागी येतात, काही येत नाहीत. भट्टीच्या भिंतीतला प्रत्येक अणू तिच्या आयुष्यात असा कित्येक डझन वेळा उठवला जातो. पोलाद ठिसूळ होतं, फुगतं.

हे विखंडनाच्या, म्हणजे जड अणू फोडणाऱ्या नेहमीच्या अणुभट्टीतही होतं, मग तिथेच तुकडे भाजून का पाहू नयेत? कारण विखंडनातले न्यूट्रॉन सरासरी दोनेक दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. फ्यूजनचा न्यूट्रॉन सात पट जोरकस असतो आणि तो लोखंडाच्या केंद्रकातून हीलियम उपटून काढतो. हीलियमचे अणू पोलादात विरघळत नाहीत. पोलादातल्या स्फटिककणांच्या सीमांवर जमतात, बुडबुडे धरतात, आणि जोड आतून उसवतात. त्याच मापाच्या विस्थापनाला फ्यूजनमध्ये तयार होणारा हीलियम विखंडनभट्टीतल्यापेक्षा दहा पटींहून जास्त असतो. म्हणजे विखंडनभट्टीत उत्तीर्ण झालेलं पोलाद फ्यूजनच्या भिंतीत टिकेलच, अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

इंधनाचं दुखणं वेगळंच. एक हजार मेगावॅट फ्यूजन शक्तीची भट्टी वर्षभर अखंड चालवायची तर सुमारे 55 किलो ट्रिटियम जळतं. जगभरच्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून जमलेला नागरी साठा वीस-तीस किलोच्या घरात, आणि ट्रिटियमचं अर्धायुष्य 12.3 वर्षं, म्हणजे तो नुसता ठेवला तरी झिजतो. भट्टीने आपलं ट्रिटियम स्वतःच्या लिथियमच्या आवरणात स्वतःच पिकवलं पाहिजे. असं आवरण संपूर्ण स्वरूपात आजवर कुठल्याही फ्यूजन यंत्रावर चालवून पाहिलेलं नाही.

हे सगळं पन्नास वर्षांपासून माहीत होतं. तरी पैसा जायचा तो प्लाझ्माकडे, कारण यंत्रं प्लाझ्माची होती, प्रयोगशाळा प्लाझ्माच्या होत्या, पदवीधर प्लाझ्माचे होते. ज्याचं दुकान मोठं त्याच्याकडे गिऱ्हाईक.

उपसमितीने हात कुठे घातला

दुसऱ्या पायरीवर यूसीएलए विद्यापीठाच्या ट्रॉय कार्टर यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीने 2020 चं उरलेलं वर्ष घालवलं. डिसेंबर 2020 मध्ये फेसॅकने अहवाल मंजूर केला, 2021 च्या सुरुवातीला तो छापून आला. 2040 च्या दशकात प्रायोगिक भट्टी हे ध्येय. त्यासाठी तीन कामं: जळता, म्हणजे स्वतःच्याच फ्यूजनच्या उष्णतेने तापत राहणारा प्लाझ्मा टिकवणं, टोकाच्या परिस्थितीला पुरेल असं अभियांत्रिकी सामर्थ्य मिळवणं, आणि ऊर्जा व इंधन हाताशी आणणं. यातली शेवटची दोन सामग्री-तंत्रज्ञानाची. दिशा बदलली होती.

पहिल्या पायरीत एक सोय होती, ती आता संपली. समाजाच्या अहवालात बरंच काही शेजारी शेजारी मावतं. सगळ्यांना बरोबर घ्यायचं तर प्रत्येकाच्या पानात काही तरी वाढावं लागतं. पैसे घालून पाहिले की पानं कमी पडतात. ह्यूस्टनमध्ये ज्याला नवं टोकामाक म्हटलं गेलं, त्याचं इथे एक्साइट झालं. गाभ्यात प्रचंड उष्ण आणि कडेला भिंतीला सोसेल इतका थंड, असा प्लाझ्मा एकाच वेळी मिळतो का, हे तपासणारं हे यंत्र. फ्यूजनसारख्या न्यूट्रॉनांचा स्रोत, म्हणजे एफपीएनएस, यादीत बराच वर गेला, कारण पोलादाच्या तुकड्याचा प्रश्न त्याच्याशिवाय सुटत नाही. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेचं एमपीईएक्स हे यंत्र, जिथे प्लाझ्माचा झोत नमुन्यांवर दीर्घकाळ मारता येईल, ते पुढे न्यायचं ठरलं. लेसरवर चालणाऱ्या जडत्वीय फ्यूजनचा ऊर्जेसाठीचा कार्यक्रम पुन्हा सुरू करा, असंही सांगितलं.

हाताला चटका बसला तो पहिल्या पाकिटाशी. त्यात नवी मोठी यंत्रं लांबणीवर जातात, आणि सामग्रीसाठी पैसा हवा तर तो चालू टोकामाकांच्या वाट्यातून काढावा लागतो. ज्या डीथ्री-डी आणि प्रिन्स्टनच्या माणसांनी दोन वर्षं या प्रक्रियेत घालवली, त्यांच्याच कामातून. तरी 2014 सारखा गदारोळ उठला नाही. आपल्या पानातलं उचललं जाताना ते स्वतः पंगतीत हजर होते, आणि का उचललं तेही त्यांनी ऐकलं होतं.

प्लाझ्मा विज्ञानवाल्यांची धाकधूक मात्र निराळी होती. तारे, सौर वारा, चिपच्या कारखान्यात सिलिकॉन कोरणारा प्लाझ्मा, प्रयोगशाळेतले ताऱ्यांच्या गाभ्यासारखे दाब, या सगळ्या संशोधनाचा बराचसा पैसा त्याच फ्यूजन कचेरीतून येतो. कचेरी ऊर्जेच्या मागे धावू लागली की या लहान गटांना कोण विचारणार? आराखड्याने त्यांना फ्यूजनच्या शेपटाला न बांधता वेगळी शाखा म्हणून मांडलं. चांगलं केलं. तेवढ्याने भीती गेली असेल असं मला वाटत नाही.

यादी छापून आल्यावर

पुढचं सगळं वेगाने घडलं. 27 डिसेंबर 2020 रोजी ऊर्जा कायद्यावर सही झाली. त्यात टप्प्याटप्प्याने निकाल दाखवणाऱ्या खासगी कंपन्यांना पैसे देण्याच्या योजनेला मान्यता होती. फेब्रुवारी 2021 मध्ये रिचर्ड हॉरिलुक यांच्या अध्यक्षतेखालच्या अकादमी समितीने मुदत आणखी अलीकडे ओढली: 2035 ते 2040 दरम्यान भट्टी, किमान 50 मेगावॅट निव्वळ वीज. मार्च 2022 मध्ये व्हाइट हाउसमध्ये परिषद झाली. 5 डिसेंबर 2022 रोजी लिव्हरमोरच्या एनआयएफ या लेसर यंत्रात 2.05 मेगाज्यूल लेसर ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल फ्यूजन ऊर्जा निघाली. तिथला पैसा अण्वस्त्र विभागाचा, फ्यूजन कचेरीचा नव्हे. पण आराखड्यात जडत्वीय फ्यूजनसाठी दार उघडं ठेवलेलं होतं, म्हणून पुढच्या वर्षाच्या अखेरीस 4.2 कोटी डॉलरची तीन संशोधन केंद्रं चटकन जाहीर करता आली.

आणि सी-मॉड? त्याच्या आजूबाजूची माणसं घरी बसली नाहीत. 2018 मध्ये एमआयटीतून कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी निघाली. सप्टेंबर 2021 मध्ये त्यांनी उच्च तापमानाच्या अतिवाहक पट्ट्यांपासून केलेल्या चुंबकात 20 टेस्ला गाठलं आणि वर्ष संपायच्या आत 180 कोटी डॉलरच्या वर भांडवल उभं केलं. त्या वर्षी अमेरिकी सरकारचा संपूर्ण फ्यूजन कार्यक्रम 67.2 कोटींचा होता. सरकारी यादीतून खाली पडलेल्या यंत्राच्या वारसांकडे सरकारच्या वार्षिक रकमेच्या अडीच पटींहून जास्त पैसा आला. राष्ट्रीय प्राधान्यक्रम लिहिताना देशात पैसा देणारा एकच आहे, असं गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक अहवालाची शाई वाळायच्या आत गेलं. सरकारने मे 2023 मध्ये आठ कंपन्यांना मिळून पहिल्या दीड वर्षासाठी 4.6 कोटी डॉलर जाहीर केले, तेव्हा कोण कुणाला दिशा देतंय, हे सांगणं अवघड झालं होतं.

यादीतलं काय झालं, ते पाहिलं तर एक नमुना दिसतो. ज्या कामाच्या मागे संस्था होती ते पुढे सरकलं. एमपीईएक्स ओक रिजचं होतं, त्याचं काम चालू राहिलं. प्रिन्स्टनचं यंत्र अनेक वर्षं दुरुस्तीत अडकलं, पण सोडून दिलं गेलं नाही, कारण तिथे त्याच्यासाठी झगडणारी प्रयोगशाळा होती. न्यूट्रॉनांचा स्रोत मात्र कुणाचाच नव्हता. सगळे त्याला मान डोलावत होते. अहवालामागून अहवालात तो वरच्या ओळींत होता. पण तो कुठे बांधायचा, कोणत्या पद्धतीने, कुणाच्या आवारात, हे ठरलेलं नव्हतं. मग त्याच्यासाठी सिनेटरला गाठणार कोण? 2014 मध्ये ज्यांना हितसंबंधी म्हणून बाहेर बसवलं, तीच माणसं कामं रेटून नेतात, आणि इथे हितसंबंधी असा एकही नव्हता. खासगी कंपन्यांना आधी प्लाझ्मा जमवून दाखवायचा आहे. भिंतीचं दहा वर्षांनी काय होतं, हा प्रश्न त्यांच्या गुंतवणूकदारांच्या तिमाहीत बसत नाही.

माझा या आराखड्याशी मतभेद असेल तर एवढाच. क्रम लावताना प्रत्येक ओळीसमोर एक रकाना हवा होता: हे कोण करणार. तो भरता आला नसता तर निदान रिकामा तरी दिसला असता.

2025 च्या शरदात ऊर्जा विभागाने फेसॅकसह विज्ञान कार्यालयाच्या सहा सल्लागार समित्या मोडल्या आणि त्यांच्या जागी एकच समिती आणली. ज्या समितीने यादी मंजूर केली, तिला यादीचं काय झालं हे विचारायचा मार्ग आता उरलेला नाही.

एफपीएनएस हे लिहीपर्यंत उभा राहिलेला नाही. फ्यूजनच्या भिंतीसाठीच्या पोलादाचे छोटे छोटे नमुने अजूनही ओक रिजला एचएफआयआरमध्ये घातले जातात. ही 85 मेगावॅटची विखंडन अणुभट्टी 1965 पासून चालू आहे. नमुने महिनोन्‌महिने आत राहतात, मग जाड काचेमागून यांत्रिक हातांनी बाहेर काढले जातात, ताणून, वाकवून, कापून पाहिले जातात. हीलियमचा हिशेब मोजमापात मिळत नाही. तो गणिताने वरून जोडावा लागतो.